एडला रास्कचा पाहुणा

आमच्या सँडालच्या चर्चमध्ये डावीकडचं तिसरं बाक आर्डेल नीस्ट्रॉमचं. बाकावर नाव कोरलेलं नाही, पण तिची मुलं, सुना, जावई आणि नातवंडं येऊन बसली की दुसऱ्या कुणाला टेकायलाही जागा उरायची नाही. त्याच्या मागच्या बाकावर एडला रास्क बसायची आणि एडलाच्या शेजारी मी. प्रभुभोजनासाठी आर्डेलचं कुटुंब उठून वेदीकडे निघालं की एडला माझ्या कानाशी लागायची.

"निघालं बघ लेंढार. आपल्यापर्यंत भाकर पोचली तर नशीब."

"अगं, देवाच्या घरात तरी," मी म्हणायचे.

"देवाच्याच घरात दिसतं ना सगळं एका ओळीत. एरवी पांगलेलं असतं."

एडलाबद्दल लिहायचं कधीपासून मनात आहे. तिच्याइतकी देवभीरू आणि तिच्याइतकी मत्सरी बाई मी दुसरी पाहिली नाही. दोन्ही गोष्टी एकाच हाडामांसात सुखानं कशा नांदतात, याचं मला अजून कोडं आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात राहेल लेआचा हेवा करते तिथं पोचले की माझ्या डोळ्यांपुढं एडलाच येते, तिच्या करड्या टोपीसकट.

ती गावच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होती. यंत्रं आली तेव्हा घरी बसली. आधी बाप आजारी, मग भाऊ. दोघांचं तिनं शेवटपर्यंत केलं आणि लग्नाचं राहूनच गेलं. भाऊ गेला त्या वर्षी नाताळच्या पहाटेची उपासना आटोपून ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मी कॉफी पुढं केली. तिनं ती नुसती हातात धरली.

"व्हेंडला, आता पृथ्वीच्या पाठीवर माझं रक्ताचं असं कुणी नाही गं."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तर पुढच्याच श्वासाला म्हणते, "आणि त्या आर्डेलला आणखी एक नातू. काय लोणचं घालणार आहे का इतक्यांचं?"

आर्डेलही माहेरची रास्कच. पण दोन्ही रास्क वेगळे, असं गाव धरून चाललं होतं आणि एडला तर ते ठासून सांगायची. "ते रास्क निराळे. त्यांची नाकं बघ."

त्यानंतरच्या हिवाळ्यात तिनं पूर्वज शोधायचं काम अंगावर घेतलं. आमची सगळ्यांची माणसं स्वीडनमधल्या स्मोलांडमधून इकडं अमेरिकेत आलेली. तिकडच्या जुन्या पाद्र्यांनी प्रत्येक शेतावरच्या, प्रत्येक झोपडीतल्या माणसांची वही ठेवलेली असे. पाद्री वर्षाला एकदा शेतावर यायचा, सगळ्यांना एका खोलीत जमवायचा, पुस्तक वाचायला लावायचा, धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी विचारायचा आणि नावापुढं शेरा मारायचा. माणूस मेला किंवा घर सोडून गेला की नाव आडव्या रेघेनं खोडायचं. त्या वह्यांच्या मायक्रोफिल्म आता काउंटीच्या ग्रंथालयात मागवता येतात. ती जुनी वळणदार लिपी एडला पणतीच्या उजेडात वाचावं तशी डोळे बारीक करून वाचते. गुरुवारी चर्चच्या तळघरात तिच्या टेबलाशी रांग लागायची. कुणाची पणजी कुठल्या शेतावर मोलकरीण होती, कोण बर्फात वाट चुकून मेला, कुणाला वाचनात चांगला शेरा होता, सगळं ती काढून द्यायची. लोक तिकडं पत्रं पाठवायचे, तिकडून चुलतभाऊ निघायचे, फोटो यायचे.

फोटो सगळ्यात आधी एडलाला दाखवायला आणत. ती "वा, छान" म्हणायची आणि माणूस जिना चढून गेला की सुरू व्हायची.

"लुंडीनला तिकडं चार भाऊ सापडले. चार! इथल्या एकाशी त्याचं दहा वर्षं बोलणं नाही."

"तू पण शोध की तुझं."

"शोधलंय. आमचे एकहुल्ट गावचे सैनिक रास्क. त्यांची बायको स्टिना. मुलगा कार्ल इकडं आला, तो माझा आजोबा. तिकडं कोण उरलंय ते कळत नाही, एवढंच."

आणि मग मे महिन्यात ते पत्र आलं.

एकहुल्टच्या चर्चचं गायनमंडळ उन्हाळ्यात आमच्याकडं येणार होतं. त्यातल्या हेल्गे नावाच्या माणसानं पास्टर थोरेलना लिहिलं होतं: माझी आजी लेना ही सैनिक रास्कची मुलगी, तिची भावंडं तुमच्या गावाकडं गेली असं घरात बोलत, त्यांच्यापैकी कुणी असेल तर मला दोन दिवस त्यांच्याच घरी राहायला आवडेल. पास्टरांनी उपासनेनंतर तळघरात हे पत्र मोठ्यानं वाचलं. माझ्या शेजारी एडला ताडकन उभी राहिली. समोर आर्डेलही उभी राहिली होती, हातात केकचा तुकडा तसाच.

"तो माझा," एडला म्हणाली.

"तुझा कसा? माझा आजोबा आगस्ट रास्क, सैनिकाचाच मुलगा, एकहुल्टचाच. बाबा नेहमी सांगायचे."

"सैनिकाचा आगस्ट लहानपणीच मेला. वहीत नाव खोडलंय, मी डोळ्यांनी पाहिलंय. तुझा आगस्ट कुठला ते तुझ्या बाबांना विचार."

"बाबांना कसं विचारू? ते टेकडीवर पुरलेत!"

लोकांनी कॉफीचे कप खाली ठेवले. पास्टर थोरेल तरुण माणूस, आमच्याकडं येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. ते म्हणाले, "मिस रास्क, ती लिपी तुम्हालाच वाचता येते. तुम्हीच दोन्ही घरांची वंशवेल काढा. ज्यांचं नातं निघेल, पाहुणा त्यांच्याकडं."

"म्हणजे चोराच्याच हातात किल्ल्या!" आर्डेल म्हणाली.

एडला लाल झाली. पण तिला आनंदही झाला होता, तो मला दिसला. पाहुण्यासाठी तिनं त्याच आठवड्यात भावाची खोली रंगवली. पलंगावर नवी चादर घातली, खिडकीत जिरेनियम ठेवले. मी गेले की मला खोली दाखवायची. "त्याची उंची किती असेल गं? पलंग पुरेल ना? आर्डेलच्या घरी नातवंडांच्या गोंगाटात त्या माणसाला झोप तरी लागेल का?"

नीतिसूत्रांत म्हटलंय, मत्सरानं हाडं सडतात. एडलाची हाडं मात्र त्या महिन्यात टवटवीत झाली होती.

आता फक्त आगस्ट मेला याचा पुरावा हवा होता. एडलानं घरच्या वह्या पाहिल्या होत्या त्या पहिली आणि शेवटची. पहिल्या वहीत सैनिक पेर रास्क, बायको स्टिना, लेना आणि आगस्ट, आगस्टवर रेघ. शेवटच्या वहीत त्याच झोपडीत सैनिक रास्कची विधवा स्टिना आणि अमेरिकेला निघालेला कार्ल. मधली वही तिनं कधी मागवलीच नव्हती. दुसऱ्यांसाठी एकेक वर्ष चाळणारी बाई, पण स्वतःच्या घरात बघायचं काय, असं तिला वाटलं. आता आर्डेलचं तोंड बंद करायला तिनं ती मधली फिल्म मागवली.

तिला गाडी येत नाही. मीच तिला ग्रंथालयात नेलं. ती यंत्रापुढं बसली, मी बाजूला मिशनच्या हातमोज्यांचं विणकाम घेऊन.

"हा बघ आगस्ट," ती म्हणाली. "खोडलाय. खोडलाय ना? आता मेल्याची तारीख दे बाबा."

मग यंत्राच्या चाकाची कुरकुर थांबली.

"काय झालं?"

"मेला नाही. दुसऱ्या शेतावर गडी म्हणून गेला. म्हणून खोडलाय."

"म्हणजे आर्डेलचा आगस्ट..."

"थांब गं!"

तिनं चष्मा पुसला. पुन्हा डोळे लावले. तिचं बोट काचेवरून वर सरकलं आणि तिथंच राहिलं. मला ती लिपी येत नाही, मला तर ती कोंबडीनं उकरल्यासारखी दिसते. पण एवढं कळलं की सगळ्यात वरच्या नावावरही रेघ आहे आणि खाली वेगळ्या शाईनं नवी ओळ घातलीय. एडलाच्या ओठांवरचा रंग उतरला होता. तिनं फिल्म गुंडाळली, डब्यात घातली, ग्रंथालयाच्या बाईंना परत केली, आभार मानले, आणि टोपी घालून माझ्या आधी गाडीत जाऊन बसली.

वाटेत दोन्हीकडं मका गुडघ्याएवढा झाला होता. तळ्याचं वळण आलं.

"पेर रास्क तळ्याच्या बर्फाखाली बुडून मेला," ती अचानक म्हणाली. "तेव्हा कार्लचा जन्मही झाला नव्हता."

"मग कार्ल कुणाचा?"

"सैनिक रास्कचाच."

मी गाडीचा वेग कमी केला.

"अगं, सैनिकाचं नाव त्याचं नसायचंच. शेतकरी मिळून एक सैनिक पोसायचे, त्याला झोपडी द्यायचे, आणि नाव झोपडीबरोबर यायचं. जुना मेला की नवा आणायचे. तोही रास्क. हे मी लुंडीनला सांगितलं, ओस्ट्रँडला सांगितलं, सगळ्या गावाला तळघरात बसून सांगितलं!" तिनं मांडीवर मूठ आपटली. "नवा आला तो योहान. कुठल्या तरी भलत्याच गावचा. तो माझा पणजोबा. आणि त्याच्या नावापुढं पाद्र्यानं काय शेरा मारलाय माहितीय? वाचता येत नाही. प्रश्नोत्तरी येत नाही. पेरचा शेरा उत्तम. आर्डेलच्या पणजोबाचा उत्तम, माझ्याचा हा!"

"आणि स्टिना?"

"विधवेला झोपडी सोडावी लागायची. पदरात पोरं. जाणार कुठं? नव्या सैनिकानं तिच्याशी लग्न केलं. ती राहिली त्याच चुलीपाशी, नवरा बदलला."

मी मनात जुळवत होते. पेर आणि स्टिना यांच्यापासून लेना आणि आगस्ट. योहान आणि स्टिना यांच्यापासून कार्ल. "म्हणजे एडला, हेल्गे तुझाही लागतोच की. नातं सावत्र का होईना, पण स्टिना तुझीही पणजी."

"हो."

"आणि मग आर्डेलसुद्धा..."

"नाव काढू नकोस!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आर्डेलला तोडायला गेली आणि स्वतःलाच तिच्याशी बांधून परत आली. इतकी वर्षं पृथ्वीच्या पाठीवर माझं कुणी नाही म्हणत होती, आणि रक्ताचं माणूस दर रविवारी पुढच्या बाकावर पाठ करून बसलेलं.

घरापाशी आल्यावर ती उतरली नाही. "हे कुणालाच कळणार नाही," ती म्हणाली. "गावात ही लिपी वाचणारं दुसरं कोण आहे?"

"एडला, खोटी साक्ष देऊ नको, ही आठवी आज्ञा."

"मला प्रश्नोत्तरी शिकवू नकोस. आमच्या घराण्यात ती येत नाही, पाद्र्यानं लिहून ठेवलंय."

दरवाजा आपटून ती गेली. त्या रविवारपर्यंत तिच्या खिडकीतले जिरेनियम मी रोज पाहत होते आणि रोज सकाळच्या प्रार्थनेत तिचं नाव घेत होते. ती काय करणार याचा मला खरोखर अंदाज नव्हता. पाहुणा हवा तर नुसतं गप्प बसायचं होतं.

रविवारी तळघरात आमच्या स्वीडिश रीतीची अंडं घातलेली कॉफी उकळत होती. एडलानं टेबलावर भलामोठा कागद पसरला. मध्यभागी एकच नाव मोठ्या अक्षरांत: स्टिना. तिच्या दोन्ही बाजूंना दोन सैनिक रास्क. खाली एका फांदीवर लेना आणि आगस्ट, दुसऱ्या फांदीवर कार्ल.

आर्डेल चष्मा शोधत आली आणि वाकून बराच वेळ पाहत राहिली.

"हे काय? माझ्या पणजीला तुझा पणजोबा?"

"तुझा पणजोबा बुडाल्यावर."

"किती दिवसांनी?"

"आर्डेल, पोरं होती तिला. दुसऱ्यानं झोपडी घेतली असती तर रस्त्यावर आली असती."

आर्डेलनं स्टिनाच्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे आता पणजीसुद्धा तुझ्याशी वाटून घ्यायची."

"मला तरी कुठं हौस आली होती?"

"सगळं तुझंच. पास्टर विचारणार तुला, गावाला पूर्वज हवे ते तुझ्याकडून. मला घाईत स्वतःच्या नातवांची नावं आठवत नाहीत आणि हिला मेलेल्यांचीही पाठ. घर शांत, कपडे इस्त्रीचे. आणि आता माझी पणजी!"

एडला तिच्याकडं बघतच राहिली. आर्डेललाही आपला हेवा वाटत असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. मीही कप तसाच धरून उभी होते.

"पाहुणा कुणाकडं मग?" पास्टरांनी हळूच विचारलं.

"माझ्याकडं," आर्डेल म्हणाली. "माझं नातं पूर्ण, हिचं निम्मं."

"रक्त काय शेरानं मोजतेस?"

"मोजावंच लागतं. तूच कागद काढलास."

एडलानं कागद गुंडाळला आणि पास्टरांच्या हातात दिला. जिना चढताना मला म्हणाली, "पलंग तिच्याकडं आखूड आहे, सांग तिला. तिच्या मोठ्या मुलाचे पाय बाहेर येतात."

हेल्गे आला मध्य-उन्हाळ्याच्या सणाच्या आठवड्यात. आयुष्यभर जंगलखात्यात काम केलेला, उंच, कमी बोलणारा, खाल्लेल्या प्रत्येक घासाला मान हलवणारा. आर्डेलकडं राहिला. दुसऱ्या दुपारी आर्डेल त्याला घेऊन एडलाकडं आली, हातात ऑस्टकाका या आमच्या दुधाच्या गोड पदार्थाचं भांडं, जसं काही एडलाला तो करता येतच नाही. एडलानंही केला होता. हेल्गेनं दोन्हींतला एकेक तुकडा घेतला आणि दोघी त्याच्या चमच्याकडं बघत राहिल्या.

"योहानबद्दल तुमच्याकडं काही बोलत होते का हो?" एडलानं विचारलं. आवाज तिचा नव्हता तो.

"हो तर. आजी लेना नेहमी सांगायची. त्याला वाचता यायचं नाही, म्हणून ती त्याला रोज अध्याय वाचून दाखवायची. सावत्र बाप, पण हात उगारला नाही कधी. आगस्टला अमेरिकेला जायचं होतं तेव्हा त्यानंच गाय विकली. घरात एकच गाय होती."

एडलानं सावकाश मान वळवून आर्डेलकडं पाहिलं.

"ऐकलंस? माझ्या पणजोबाची गाय. म्हणून तू इथं आहेस. तू, तुझी मुलं आणि ते सगळं बाक."

"गाय स्टिनाची असेल," आर्डेल म्हणाली. "हुंड्यातली."

"योहानची होती!"

हेल्गेनं एकीकडून दुसरीकडं पाहिलं आणि मला विचारलं, "ह्या नेहमी अशाच बोलतात?"

"नाही," मी म्हटलं. "आधी बोलतच नव्हत्या."

तो गेला. निघताना त्यानं दोघींना मिठी मारली. घरी परतताना एडलानं मला विचारलंच, कुणाला जास्त वेळ धरलं. मी म्हटलं, मी बघितलं नाही. ती म्हणाली, "बघायला काय झालं होतं?"

शरदात मक्याची कापणी ऐन भरात असताना आर्डेलचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. मुलं शेतात, सुना लहानग्यांत अडकलेल्या. फोन आला तो एडलाचा. "गाडी काढ. तिथं ती एकटी पडलीय."

मी सफरचंदाचं पक्वान्न केलं, फडक्यात बांधलं, एडलाला घेऊन तासाभराचा रस्ता कापून इस्पितळात गेले. दाराशी नर्स उभी होती, एडलाच्या नातीच्या वयाची, जर एडलाला नात असती तर.

"सध्या फक्त नातलगांनाच आत सोडतोय," ती म्हणाली.

"मी नातलग आहे," एडला म्हणाली. मी तिला आयुष्यात कधी इतकं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"बहीण का?"

"आमची पणजी एक. पणजोबा दोन. कागद हवा असेल तर नक्कल पर्समध्ये आहे."

नर्सनं कागद मागितला नाही. दार उघडलं. मग माझ्याकडं वळली. "आणि आपण?"

मी आर्डेलला शाळेपासून ओळखते. तिच्या दोन मुलांची मी धर्ममाता आहे. एडलाच्या भावाला मी शेवटचं पाणी पाजलंय.

"मी शेजारीण," मी म्हटलं.

"मग आपण जरा बाहेर थांबा हं."

एडलानं माझ्या हातातलं फडकं उचललं. "दे, मी देते तिला," म्हणाली आणि आत गेली. मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. दार पूर्ण लागलं नव्हतं. आतून आर्डेलचा क्षीण आवाज आला, "हे तू केलंस?" आणि एडलाचा, "खा गुपचूप. हेल्गेचं पत्र आलंय. मला दोन पानं लिहिलीत त्यानं. तुला किती?"

मी बाहेरच्या खुर्चीवर बसून राहिले. प्रभू मला क्षमा करो, या खेपेला हेवा करणारी राहेल मीच होते.